गाळ साचला, पक्षी आले

केरळातल्या पेरियार व्याघ्र प्रकल्पातलं तळं आणि नाशिक जिल्ह्यातल्या निफाड तालुक्यातलं नांदूरमध्यमेश्वरचं पाणथळ, दोन्ही माणसानंच केलेली. पेरियारला १८९५ साली धरण झालं, खोल दरी पाण्याखाली गेली. बुडालेल्या झाडांचे खुंट अजून वर दिसतात. तिथे वाघ आहेत, पण बोटीतून दिसायला नशीब लागतं.

आपल्याकडे वाघ नाही. बिबट्या आहे, तोही उसात. इथलं खरं वैभव गाळाचं.

गोदावरी-कादवा संगमावर १९०७ ते १९१३ या काळात कालव्यांसाठी बंधारा बांधला. पाणी अडलं की प्रवाह संथ होतो आणि सोबत आणलेली माती तळाशी बसते. वर्षानुवर्षं हेच होत राहिलं. पाटबंधाऱ्यांच्या हिशेबात हा तोटा, कारण साठवण घटली. पण पाणी उथळ झाल्यानं ऊन तळापर्यंत पोचू लागलं. पाणवनस्पती वाढल्या, त्यांच्या आधारानं गोगलगाई, किडे, मासे आले आणि मग त्यांना खाणारे.

उथळ पाण्यातही प्रत्येकाची जागा ठरलेली. शेकाट्या लांब पायांवर काठच्या पाण्यात चालतो. तलवार बदक शेपूट वर करून लांब मान तळाशी नेतं. थापट्या बदकाच्या चोचीच्या कडेला बारीक दातऱ्या असतात. तो चोचीत पाणी घेतो, बाहेर सोडतो, अन्न आत अडकतं. वारकरी नावाचा पक्षी सरळ बुडीच मारतो. जांभळी पाणकोंबडी पाणगवतातच रमते. पट्टकादंब हंस मात्र चरायला शेतातही जातात. हिमालय ओलांडून येणाऱ्या या हंसांचं हिमोग्लोबिन विरळ हवेतूनही प्राणवायू घट्ट पकडतं. (त्यांनी गहू खाल्ला म्हणून शेतकरी चिडला, तर त्याचं काय चुकलं?)

१९८६ साली अभयारण्य झालं, २०२० साली ते राज्यातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झालं. दर्जा मोठा, पण नदीतून येणारं सांडपाणी आणि शेतांतली खतं पाण्यावर तरंगणाऱ्या पाणवेलीला (जलपर्णीला) पोसतात. तिनं पाणी झाकलं की खाली ऊन पोचत नाही, आणि वर सांगितलेली सगळी साखळी तिथेच तुटते.

जायचं तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी, सकाळी लवकर, दुर्बीण घेऊन. आणि पाण्याची पातळी किती आहे ते आधी विचारून घ्या. पाणी उतरलेलं असेल तर चिखल उघडा पडतो, तुतवारांसारखे चिखलात चोच खुपसणारे पक्षी तेव्हाच नीट दिसतात. भरलेलं असेल तर बदकं पाहा.