एक घर पुढे: जुन्या डावांमागचं देशी बुद्धिबळ

दांडिया बाजारातल्या आमच्या वाड्याच्या ओट्यावर आजोबा दुपारी कापडी पट अंथरायचे. त्यांचं बुद्धिबळ देशी. प्यादं पहिल्या खेळीलाही एकच घर सरकायचं. किल्लेकोट, म्हणजे राजा दोन घरं सरकवून हत्तीला त्याच्या पलीकडे आणायची खेळी, नव्हताच, पण राजाला एकदाही शह बसलेला नसेल तर डावात एकदा घोड्यासारखी उडी मारायची मुभा असे. प्यादं शेवटच्या घरात पोचलं की ज्या पट्टीत पोचलं तिथलं मोहरं व्हायचं, म्हणजे हत्तीच्या पट्टीत हत्ती आणि घोड्याच्या पट्टीत घोडाच. शाळेत आंतरराष्ट्रीय नियम शिकल्यावर मी हा खेळ जुनाट ठरवून सोडून दिला. पुढे जुन्या डावांवर टिपणं लिहायला बसलो आणि तोच पट पुन्हा उघडावा लागला.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला कलकत्त्यात जॉन कॉक्रेन नावाचा बॅरिस्टर होता, इंग्लंडमधला नावाजलेला खेळाडू. त्याच्यासमोर अनेकदा बसायचे महेशचंद्र बॅनर्जी. त्यांचे डाव लावून पाहिले की एक गोष्ट लगेच डोळ्यांत भरते. काळ्या मोहऱ्यांनी खेळताना ते घोड्यापुढचं प्यादं एक घर सरकवतात आणि उंट जी७ वर, म्हणजे जी पट्टीतल्या सातव्या घरात, नेऊन बसवतात (उभ्या पट्ट्यांना ए ते एच अक्षरं, आडव्या ओळींना १ ते ८ आकडे). युरोपात तेव्हा प्यादी दोन-दोन घरं पुढे टाकून पटाचा मध्य बळकावायची रीत होती. एकेक घर सरकणाऱ्या प्याद्यांवर हात बसलेल्या माणसाला मात्र उंटाला अशी वाट करून देणं सहज सुचणार. आज 'इंडियन' नावाने ओळखले जाणारे बचाव याच वळणाचे आहेत.

१८५५ सालचा त्यांचा एक डाव मी किती वेळा लावला असेन! महेशचंद्रांनी तिसऱ्या खेळीला वजिरापुढचं प्यादं डी५ ला नेलं. हाच बचाव १९२२ मध्ये ऑस्ट्रियाच्या अर्न्स्ट ग्रुनफेल्डने खेळला आणि त्याला ग्रुनफेल्डचं नाव मिळालं. तो डाव महेशचंद्र हरले, पण शेवट पाहण्याजोगा आहे. कॉक्रेनचा घोडा एफ७ वर आणि त्याच तिरक्या रेषेत मागे बी३ वर वजीर. घोडा एच६ ला उडाला की दोघांचा एकदम शह. राजा कोपऱ्यात शिरला की वजीर जी८ वर जाऊन स्वतःचा बळी देतो, हत्तीला तो मारावाच लागतो, आणि घोडा पुन्हा एफ७ वर. आपल्याच सोंगट्यांत कोंडलेल्या राजावर मात.

मीर सुलतान खान पंजाबचे, तिथले बडे जमीनदार सर उमर हयात खान यांच्या पदरी असलेले. वाढले देशी नियमांवर. १९२८ मध्ये त्यांनी अखिल भारतीय स्पर्धा जिंकली, १९२९ मध्ये विलायतेला गेले आणि त्याच वर्षी ब्रिटिश विजेतेपद पटकावलं. १९३२ आणि १९३३ मध्ये पुन्हा तेच. त्यांची सुरुवात कच्ची आणि शेवट पक्का, असं बहुतेक ठिकाणी वाचायला मिळतं. अर्धंच खरं आहे ते. इंग्लंडमधल्या हेस्टिंग्जला १९३०-३१ च्या स्पर्धेत त्यांनी माजी जगज्जेत्या कापाब्लांकाला ६५ खेळींत हरवलं, त्या डावातली पाचवी खेळी बघा: कडेचं प्यादं ए३ ला, फक्त एक घर. काळ्याचा उंट बी४ वर येऊन घोड्याला जखडू नये, एवढ्यासाठी. पुढे ही मांडणी जगज्जेत्या पेट्रोशियनच्या नावाने ओळखली जाऊ लागली आणि कास्पारोवनेही ती हत्यारासारखी वापरली. आजोबांच्या पटावर अशी खेळी रोजची होती. सुलतान खानांना ती देशी सवयीतूनच सुचली, असं माझं ठाम मत आहे.

आपल्या मराठी माणसांनाही त्यांचा हिसका बसला. १९३५ मध्ये व्ही. के. खाडिलकरांबरोबर दहा डावांचा सामना झाला. खाडिलकरांच्या हाती एकच बरोबरी लागली. सुलतान खान मात्र त्यानंतर हळूहळू खेळातून बाजूला झाले आणि १९६६ मध्ये वारले. ग्रँडमास्टर ही पदवी जागतिक संघटनेने त्यांना दिली ती २०२४ मध्ये, मरणोत्तर.

हेस्टिंग्जचा तो डाव मी हल्ली आजोबांच्या कापडी पटावरच लावतो. पाचव्या खेळीला प्यादं ए३ ला सरकवलं की थोडा वेळ हात तिथेच राहतो.