व्हीएनआयटीत निम्मी पोरं बाहेरची का असतात?

ॲडमिशनच्या सीझनमध्ये नागपूरच्या व्हीएनआयटीबद्दल, म्हणजे तिथल्या केंद्राच्या इंजिनिअरिंग कॉलेजबद्दल, दोन तक्रारी ठरलेल्या. बाहेरच्या राज्यातले पालक म्हणतात महाराष्ट्राच्या पोरांना मागच्या रँकवरही सीट मिळते, आणि इथले म्हणतात कॉलेज आपलं पण हॉस्टेलात हिंदी-तेलुगूच जास्त ऐकू येतं. दोन्हीचं मूळ एकच, आणि ते साठ-पासष्ट वर्षं जुनं आहे.

दुसऱ्या पंचवार्षिक योजनेत धरणं, पोलाद कारखाने एकदम काढायला घेतले आणि इंजिनिअर पुरेनात. आयआयटी मोजक्याच. मग केंद्राने राज्यांना सोबत घेऊन रिजनल इंजिनिअरिंग कॉलेजं काढली, वरंगळला १९५९ साली, नागपूरला १९६० साली (तेव्हाचं व्हीआरसीई, जुने नागपूरकर अजून तेच म्हणतात), सुरतकल, कालिकत वगैरे पाठोपाठ, अशी होत होत १७ झाली. बांधकाम आणि मशिनरीचा पैसा केंद्राचा, डिग्री कोर्स चालवायचा खर्च मात्र केंद्र आणि राज्य निम्मा-निम्मा. जागाही तशाच वाटल्या, निम्म्या त्या राज्याच्या पोरांना, निम्म्या बाकी देशाला. राष्ट्रीय एकात्मता वगैरे भाषणात असायचंच, पण मला तरी यात पैशाचा हिशोब जास्त दिसतो, राज्य सरकार खर्च उचलणार तर आमदारांना आपली पोरं आत दिसायला नकोत का?

पुढे २००२ पासून ही कॉलेजं एनआयटी (नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी) होत गेली, खर्च केंद्राकडे गेला, एआयईईई नावाची देशभराची एकच परीक्षा आली, २००७ मध्ये संसदेचा कायदा झाला. म्हणजे ज्या कारणाने निम्म्या जागा राखल्या ते कारणच उरलं नाही, पण वाटणी तशीच राहिली, कारण कुठलं राज्य हातातल्या जागा सोडेल. पवईच्या आयआयटीत असलं काही नाही, तिथे मुंबईच्या पोराला मुंबईचा म्हणून एक सीट जास्त नाही.

आता गंमत म्हणजे एनआयटीसाठी तुमचं होम स्टेट डोमिसाईलवर ठरत नाही, बारावी कुठल्या राज्यातून पास झालात त्यावर ठरतं. त्यामुळे लातूरचा पोरगा कोटाला गेला आणि बारावीही तिथूनच दिली तर तो नागपूरसाठी बाहेरचा आणि जयपूरच्या एनआयटीसाठी घरचा, आणि हे बऱ्याच जणांना फॉर्म भरताना कळतं!

मेडिकलला आपल्याकडे उलटं झालं. तिथे राज्याच्या आतच भिंती होत्या, विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र, १९८५ पासून ७० टक्के जागा त्या त्या भागातल्यांना आणि ३० टक्के बाकी राज्याला. मराठवाड्यात कॉलेजं कमी म्हणून तिथली पोरं चांगले मार्क असूनही अडकायची, आरडाओरडा बरीच वर्षं चालला आणि २०२० मध्ये सरकारने ते सूत्र काढून टाकलं. मग ओरड विदर्भातून सुरू झाली, ते अपेक्षितच होतं.

म्हणून कॉलेज निवडताना देशभरची पोरं सोबत हवीत की घराजवळ राहायचंय हा विचार कराच, पण जोसाच्या (आयआयटी-एनआयटीच्या जागा वाटणारी केंद्रीय यंत्रणा) यादीत होम स्टेट आणि अदर स्टेटचे क्लोजिंग रँक, म्हणजे शेवटची सीट कितव्या रँकला गेली ते, वेगळे दिलेले असतात, ते आधी बघा, एकाच ब्रँचला दोन्हींत बराच फरक असू शकतो.