भावाचा अभ्यास आणि कराराचा अभ्यास : स्प्रेड बेटिंगमागचा इतिहास

स्प्रेड बेटिंग म्हणजे भावाच्या चढउतारावर लावलेली पैज; ती लावणारा बाजारात काहीच विकत घेत नाही. पैज घेणारी कंपनी एखाद्या निर्देशांकाचे दोन भाव सांगते, समजा 8000 आणि 8001. तेजी वाटली तर 8001 ला 'खरेदी', मंदी वाटली तर 8000 ला 'विक्री', आणि प्रत्येक पॉइंटला किती पौंड लावायचे ते आपण ठरवायचं. 10 पौंड लावून खरेदी केली आणि भाव 8051 ला सौदा बंद केला, तर 500 पौंड मिळाले. भाव तेवढाच खाली गेला तर तेवढेच गेले. शेअर नाही, सोनं नाही, फक्त फरकाचा हिशेब.

नाव नवं असलं तरी कल्पना जुनी आहे, आणि तिचं एक टोक थेट मुंबईत सापडतं. एकोणिसाव्या शतकात मुंबईचे व्यापारी कलकत्त्याच्या सरकारी लिलावात अफूला काय भाव येईल यावर पैजा लावत. माल हलायचा नाही, फरक चुकता व्हायचा. असं एक प्रकरण लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत, म्हणजे तेव्हाच्या सर्वोच्च अपील न्यायालयापर्यंत गेलं. इंग्लंडमध्ये 1845 च्या गेमिंग अ‍ॅक्टनुसार पैजेचे पैसे कोर्टातून वसूल करता येत नव्हते, पण तो कायदा हिंदुस्थानाला लागू नव्हता; म्हणून पैज ग्राह्य ठरली. लगेच 1848 मध्ये इथेही तसाच कायदा आला आणि पुढे 1872 च्या करार कायद्याच्या कलम 30 मध्ये तो मुरला. ते कलम आजही आहे.

आजचं रूप मात्र लंडनचं. 1971 मध्ये अमेरिकेने डॉलर आणि सोन्याची गाठ सोडली आणि सोन्याचा भाव उसळू लागला. पण ब्रिटिश नागरिकाला परकीय चलनावरच्या निर्बंधांमुळे सोन्यात पैसे घालणं महाग आणि किचकट होतं. (आपल्याकडे तेव्हा सुवर्ण नियंत्रण कायदा होताच, सोन्याला कुलूप लावण्याची हौस अनेक सरकारांना होती.) 1974 मध्ये स्टुअर्ट व्हीलर यांनी त्यातून वाट काढली: सोनं घेऊ नका, त्याच्या भावावर पैज लावा. 'इन्व्हेस्टर्स गोल्ड इंडेक्स' हे कंपनीचं नाव. तीच पुढे आयजी म्हणून ओळखली गेली. 1979 मध्ये चलननिर्बंध उठले, म्हणजे मूळ अडचणच संपली. धंदा मात्र टिकला, कारण करखात्याच्या लेखी ही पैज होती. पैजेच्या नफ्यावर भांडवली नफ्याचा कर नाही, शेअर हातात येत नसल्याने मुद्रांक शुल्कही नाही. नुकसान मात्र करात वजा करता येत नाही, हे जाहिरातीत बारीक अक्षरांत असतं.

त्या काळात ग्राहकाचा अभ्यास म्हणजे सकाळचा पेपर आणि फोनवर विचारलेला भाव. 1984 च्या जानेवारीत 1000 या पायावर लंडनच्या शंभर मोठ्या कंपन्यांचा फुट्सी 100 निर्देशांक सुरू झाला आणि एका आकड्यात अख्खा बाजार पकडता येऊ लागला. नंतर इंटरनेट आलं, घरबसल्या आलेख आले, अर्थमंत्र्यांची भाषणं आणि अमेरिकेतले रोजगाराचे आकडे त्याच क्षणी पडद्यावर दिसू लागले. भाव कुठे जाईल याचा अभ्यास कमालीचा सोपा झाला. करार नीट वाचण्याची सवय त्या वेगाने वाढली नाही, आणि माझ्या मते लोक बुडाले ते जास्त करून तिथेच.

पहिला धडा कोर्टाचा. हरलेल्या एका ग्राहकाचं म्हणणं होतं की ही पैज आहे, मग 1845 च्या कायद्याने मी देणं लागत नाही. 1991 मध्ये अपील कोर्टाने ते फेटाळलं. 1986 च्या वित्तीय सेवा कायद्याने असे करार वसूलपात्र केले होते. करखात्यासाठी पैज, कोर्टासाठी करार.

दुसरा धडा 15 जानेवारी 2015 चा. स्विस मध्यवर्ती बँकेने 2011 पासून एक युरो 1.20 फ्रँकच्या खाली जाऊ द्यायचा नाही असं धोरण ठेवलं होतं. काही दिवस आधीच बँकेच्या उपाध्यक्षांनी हे धोरण कायम राहील असं सांगितलं होतं. म्हणजे ज्याने मन लावून अभ्यास केला, तोही फ्रँक वधारणार नाही असंच म्हणाला असता. त्या सकाळी बँकेने मर्यादा काढली आणि काही मिनिटांत युरो एका फ्रँकच्याही खाली कोसळला. स्टॉप लॉस (नुकसान ठरल्या भावाला थांबवण्याची आगाऊ सूचना) लावलेले सौदेही ठरल्या भावाला सुटले नाहीत, कारण मधल्या भावांना घेणारंच कोणी नव्हतं. अनेकांची खाती शून्याखाली गेली. भरलेलं मार्जिन, म्हणजे सौद्यासाठी ठेवलेली अनामत, गेलं आणि वर देणं उरलं. चलनांचे सौदे करून देणाऱ्या अल्पारीची ब्रिटनमधली कंपनी दिवाळखोरीत गेली, आयजीने आपला फटका 3 कोटी पौंडांपर्यंत जाईल असा अंदाज दिला.

नियम आले ते यानंतर. 2016 च्या अखेरीस ब्रिटिश नियामक एफसीएने सांगितलं की तपासलेल्या नमुन्यातले 82 टक्के ग्राहक अशा सौद्यांत पैसे गमावतात. 1 ऑगस्ट 2018 पासून युरोपीय नियामकाने उधारीच्या पटीवर, म्हणजे भरलेल्या पैशाच्या किती पट मोठा सौदा करता येईल त्यावर, मर्यादा घातली: प्रमुख चलनांत 30 पट, क्रिप्टोत फक्त 2 पट. खात्यात आहे त्यापेक्षा जास्त नुकसान ग्राहकावर येणार नाही, ही अटही तेव्हाचीच. किती टक्के ग्राहक हरतात हा आकडा प्रत्येक कंपनीला आपल्या जाहिरातीत छापावा लागतो. एफसीएने 2019 मध्ये हे नियम कायमचे केले.

लंडनमध्ये राहणाऱ्या मराठी माणसाला हे खुलं आहे; फक्त क्रिप्टोवरचे असे सौदे 2021 पासून सामान्य ग्राहकांना बंद आहेत. भारतात राहणाऱ्याला नाही: रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत पाठवणी योजनेत परदेशी मार्जिन सौद्यांसाठी पैसे पाठवता येत नाहीत.