अंतराळविषयक माहितीपटांतील दृश्यपरिणाम

अंतराळविषयक माहितीपटांतील दृश्यपरिणाम : कॅमेरा जिथे पोचत नाही, किंवा पोचूनही त्याला जे टिपता येत नाही, अशा खगोलीय वस्तू आणि घटना दूरचित्रवाणीच्या पडद्यावर आणण्याची तंत्रे. प्रतिकृती, रंगवलेली पार्श्वचित्रे, संगणकीय चित्रण, वैज्ञानिक गणितावरून तयार केलेली दृश्ये आणि मूळ छायाचित्रांवरची रंगप्रक्रिया, असे सगळे त्यात मोडते. वाघावर माहितीपट करणाऱ्याला चिकाटी असेल तर वाघ कधी ना कधी दिसतो. गुरूच्या ढगांवर माहितीपट करणाऱ्याला तो पर्यायच नाही. म्हणून इतर माहितीपटांत चवीपुरता असणारा हा भाग इथे ताटातले मुख्य अन्न होऊन बसतो.

चंद्रापलीकडे अजून माणूस गेलेला नाही आणि यानांवरचे कॅमेरे दूरचित्रवाणीसाठी बनवलेले नसतात. व्हॉयेजर यानांचे कॅमेरे ८०० गुणिले ८०० बिंदूंची कृष्णधवल स्थिरचित्रे काढत. वेगवेगळ्या रंगांचे फिल्टर लावून घेतलेली चित्रे पृथ्वीवर एकावर एक बसवली, की रंग दिसे. हलते दृश्य हवे असेल तर ते इथेच बनवावे लागे. अमेरिकेच्या जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरीत जिम ब्लिन याने व्हॉयेजरच्या ग्रहभेटींची संगणकीय चित्रणे केली. यान, ग्रह आणि उपग्रह यांच्या जागा प्रत्यक्ष मार्गाच्या गणितावरून घेतलेल्या होत्या. १९७९ साली व्हॉयेजर गुरूजवळून गेले तेव्हा त्या भेटीची कल्पना लोकांना आली ती बरीचशी या चित्रणांमुळे. आज ती ओबडधोबड वाटतात, पण त्यांतली भूमिती खोटी नव्हती. नंतरच्या कितीतरी गुळगुळीत दृश्यांबद्दल असे म्हणता येत नाही.

या प्रकाराला घराघरांत नेले ते खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगन यांच्या ‘कॉसमॉस’ने. १९८० च्या सप्टेंबरात अमेरिकेच्या पीबीएस वाहिनीवर ही १३ भागांची मालिका सुरू झाली. तिच्यावर ६० लाख डॉलरहून अधिक खर्च झाला होता. अलेक्झांड्रियाचे प्राचीन ग्रंथालय तिच्यात उभे केले होते, तेही छोट्या प्रतिकृतीच्या रूपात. सेगन निळ्या पडद्यासमोर रिकाम्या जागेत चालत. त्यांच्यावरचा कॅमेरा जसा हले तसाच, प्रमाणात, प्रतिकृतीवरचा दुसरा कॅमेरा हले, आणि दोन्ही चित्रे एकत्र केली जात. मॅजिकॅम असे या व्यवस्थेचे नाव. आकाशगंगा आणि तेजोमेघ (वायू आणि धुळीचे प्रचंड ढग) बहुतांशी चित्रकारांनी रंगवलेले होते आणि त्या चमूचा प्रमुख जॉन लोमबर्ग होता. सेगन ज्यातून विश्वभर फिरत त्या यानाचे नाव ‘कल्पनेचे यान’ असेच ठेवले होते. ही गोष्ट वरवर साधी, पण महत्त्वाची. प्रेक्षकाला पहिल्याच भागात सांगितले जाई, की इथून पुढचा प्रवास मनातला आहे, त्यातली माहिती मात्र खरी आहे.

सर्वांत मोठी अडचण प्रमाणाची. हिशेब कुणालाही करून पाहता येईल. एचडी पडद्याची रुंदी १,९२० बिंदू असते. पृथ्वी एका कडेला आणि चंद्र दुसऱ्या कडेला ठेवून, आकार आणि अंतर खऱ्या प्रमाणात मांडले, तर पृथ्वी सुमारे ६२ बिंदूंची आणि चंद्र १७ बिंदूंचा भरतो. इथवर निभावते. सूर्य आणि पृथ्वी तशीच मांडली तर खुद्द सूर्यच १८ बिंदूंचा होतो आणि पृथ्वी एका बिंदूच्या सहाव्या हिश्शाएवढी, म्हणजे नाहीच. त्यामुळे सूर्यमाला एका चौकटीत दाखवणारे प्रत्येक दृश्य प्रमाण मोडूनच केलेले असते. त्याला इलाज नाही, निवेदनात तसे एक वाक्य टाकायला मात्र काहीच हरकत नसते. ते क्वचितच ऐकू येते.

लघुग्रहांच्या पट्ट्याचे तर हसेच झाले आहे. खडकांच्या दाटीतून यान वाट काढत चालले आहे, हे दृश्य पाहून पाहून पाठ झालेले असते. प्रत्यक्षात तिथल्या दोन ठळक लघुग्रहांतले सरासरी अंतर लाखो किलोमीटर असते. पायोनिअर-१० हे यान १९७२ मध्ये या पट्ट्यात शिरले आणि १९७३ मध्ये धडधाकट बाहेर पडले. तरीही नील डग्रास टायसन यांनी सादर केलेल्या २०१४ च्या नव्या ‘कॉसमॉस’मध्ये पट्टा खचाखच भरलेलाच दिसला आणि जाणकारांनी त्यावर बोट ठेवले. धूमकेतूची शेपटीही अशीच चुकते. ती धावत्या गाडीमागच्या धुळीसारखी मागे लोंबत नाही, सूर्याच्या विरुद्ध दिशेला असते. सूर्यापासून दूर जाताना धूमकेतू शेपटी पुढे करून चालतो. हे पडद्यावर उलटे वाटते, म्हणून अनेकदा ‘सुधारले’ जाते.

रंगाच्या बाबतीत चूक आणि सोय यांतली सीमा पुसट आहे. हबल दुर्बिणीने १९९५ मध्ये टिपलेल्या गरुड तेजोमेघातील वायुस्तंभांच्या चित्रात गंधकाच्या प्रकाशाला लाल, हायड्रोजनला हिरवा आणि ऑक्सिजनला निळा रंग दिला आहे. गंधक आणि हायड्रोजन या दोघांचा तो प्रकाश डोळ्याला लालच दिसला असता, मग ते वेगळे ओळखायचे कसे? म्हणजे हे रंग नकाशातल्या रंगांसारखे आहेत. शास्त्रज्ञांनी ते लपवलेले नाही, पण माहितीपटात तेच चित्र ‘आपण तिथे गेलो तर असे दिसेल’ अशा थाटात येते. नेपच्यूनची गंमत आणखी निराळी. व्हॉयेजर-२ ने १९८९ मध्ये पाठवलेल्या चित्रांतले ढग उठून दिसावेत म्हणून त्यांचा गडदपणा वाढवला होता. तो गर्द निळा नेपच्यून पुढे सगळ्या संगणकीय चित्रणांत जसाच्या तसा उतरला. २०२४ मध्ये ऑक्सफर्डच्या पॅट्रिक अर्विन यांच्या गटाने दाखवून दिले, की युरेनस आणि नेपच्यून दोन्ही जवळपास सारख्याच फिक्या हिरवट निळ्या रंगाचे आहेत. जुन्नर तालुक्यातल्या खोडद इथल्या जीएमआरटीसारख्या रेडिओ दुर्बिणींच्या निरीक्षणांना तर डोळ्याला दिसणारा रंग असा नसतोच, तिथे रंगपट्टी निवडावीच लागते.

सगळ्यांत विश्वासार्ह दृश्ये महासंगणकावरच्या गणितातून येतात. इलिनॉय विद्यापीठातल्या डॉना कॉक्स यांच्या गटाने असे काम अनेक वर्षे केले. पण गणिताला जोडलेल्या शक्यता दृश्यात उतरत नाहीत. आपली आकाशगंगा आणि शेजारची देवयानी दीर्घिका (आकाशगंगेसारखाच ताऱ्यांचा प्रचंड समूह) सुमारे ४ अब्ज वर्षांनी समोरासमोर धडकतील, असे हबलच्या मोजमापांवरून २०१२ मध्ये जाहीर झाले. त्या धडकेची देखणी चित्रणे तेव्हापासून फिरत आहेत. २०२५ मधल्या नव्या अभ्यासात, येत्या १० अब्ज वर्षांत ती धडक होण्याची शक्यता निम्म्यावर आली. चित्रण मात्र ‘कदाचित’ म्हणू शकत नाही. त्यात दीर्घिका धडकतातच.

निर्मितीचा दर्जा केवळ चित्रणावर ठरत नाही. बीबीसीच्या २०१० च्या सूर्यमालेवरील मालिकेत भौतिकशास्त्रज्ञ ब्रायन कॉक्स यांनी बऱ्याच गोष्टी पृथ्वीवरच्याच जागांवरून समजावल्या. २२ जुलै २००९ चे खग्रास सूर्यग्रहण त्यांनी वाराणसीला गंगेकाठच्या गर्दीत उभे राहून दाखवले. एवढा परिणाम संगणकाला साधला नसता. त्यांच्याच २०११ च्या मालिकेत संगीत इतके चढले, की निवेदन ऐकू येत नाही अशा तक्रारी आल्या आणि ध्वनिमिश्रण बदलावे लागले. निर्वात पोकळीत ग्रह ‘सूं’ करत बाजूने जातो, त्याबद्दल मात्र कुणी फारशी तक्रार करत नाही. हात आखडता घेतलेल्या मालिकांची खूण वेगळीच. उल्का पृथ्वीवर आदळण्याचे एकच दृश्य प्रत्येक जाहिरातीनंतर पुन्हा येते, कधी उलटे फिरवून.

कधीकधी खरे चित्रण हाती लागते आणि तुलना करता येते. २०१२ मध्ये नासाची क्युरिऑसिटी ही गाडी मंगळावर उतरली, त्याआधी नासाने उतरण्याची सात मिनिटे संगणकीय चित्रणातून दाखवली होती, ठेक्याच्या संगीतासह. १८ फेब्रुवारी २०२१ रोजी पर्सिव्हिअरन्स ही दुसरी गाडी तिथे उतरली, तेव्हा कॅमेरे तिच्यावर आणि तिला उतरवणाऱ्या यंत्रणेवर बसवलेले होते. हवाई छत्री उघडली, उष्णतारोधक कवच खाली पडत गेले, शेवटी तांबूस धूळ उडाली आणि दोरांना लटकलेली गाडी जमिनीला टेकली. उतरतानाचा आवाज टिपायला ठेवलेला मायक्रोफोन चालला नाही. त्यामुळे त्या चित्रफितीला आवाज आहे तो पृथ्वीवरच्या नियंत्रण कक्षातला. मोहिमेतल्या अभियंता स्वाती मोहन उंची आणि वेगाचे आकडे एकामागून एक सांगत आहेत.