टीकिंटरमधली एंट्री आणि टेक्स्ट: दोन्हीत टाइप होतं, पण दोन्ही एक नाहीत

पायथनमध्ये टीकिंटर (खिडक्या, बटनं असलेले प्रोग्राम बनवायची लायब्ररी) शिकायला घेतलं की एंट्री आणि टेक्स्ट या दोन विजेट्सची (खिडकीत ठेवायच्या घटकांची) सरमिसळ होतेच, कारण स्क्रीनवर दोन्ही पांढरे चौकोनच दिसतात, दोन्हीत कर्सर लुकलुकतो, मग माणूस धरून चालतो की टेक्स्ट म्हणजे मोठी एंट्री. तसं नाहीये. एंट्रीत एक व्हॅल्यू असते, टेक्स्टमध्ये अख्खं डॉक्युमेंट असतं, बाकीचे सगळे फरक इथूनच निघतात.

एंट्री एका ओळीची. नाव, फोन नंबर, पासवर्ड असल्या कामाला. गेट म्हणायचं, कंसात काहीच द्यायचं नाही, पूर्ण स्ट्रिंग मिळते. तिला स्ट्रिंगव्हार (टीकिंटरचं मजकूर ठेवायचं व्हेरिएबल) टेक्स्टव्हेरिएबल ऑप्शनने जोडता येतो, व्हेरिएबल बदललं की खोक्यातला मजकूरही बदलतो. टेक्स्टला हा टेक्स्टव्हेरिएबल ऑप्शनच नाही, उगाच शोधत बसू नका.

टेक्स्टला नुसतं गेट म्हटलं तर टाइपएरर येतो, कारण त्याला कुठून ते सांगावंच लागतं, आणि ती जागा ओळ-टिंब-कॉलम अशी द्यायची. ओळी १ पासून मोजतात आणि कॉलम ० पासून (हे विचित्र आहे, पण आहे), म्हणून सुरुवात '१.०'. ही स्ट्रिंग आहे, दशांश संख्या नाही, आणि हे मी मुद्दाम सांगतोय कारण अवतरण चिन्हं न देता १.० लिहिलं तरी चालून जातं, मग तशीच सवय लागते आणि एक दिवस १.१० लिहिलं की पायथन त्याचं १.१ करतो, म्हणजे १० नंबरच्या कॉलमऐवजी १ नंबरच्या कॉलमवर पोचलात, एरर काही नाही.

दुसरी गोची शेवटाची. टेक्स्टच्या शेवटी टीके (टीकिंटर ज्यावर चालतं ते मूळ टूलकिट) स्वतःची एक न्यूलाइन (नव्या ओळीचं चिन्ह) कायम ठेवतं. 'एंड'पर्यंत वाचलं तर तीही येते, त्यामुळे बटनाच्या कमांडमध्ये "खोका रिकामा आहे का" असं रिकाम्या स्ट्रिंगशी तपासलंत तर उत्तर कधीच हो येणार नाही. 'एंड-१सी'पर्यंत वाचा, म्हणजे शेवटचं एक कॅरेक्टर सोडून.

लॉग दाखवायला टेक्स्टच घ्या, टॅग लावून एररची ओळ लाल करता येते, एंट्रीत असं तुकड्याला रंग देणं जमत नाही. फक्त यूजरने त्यात टाइप करू नये म्हणून स्टेट डिसेबल्ड केला की यूजरसारखाच तुमचा कोडही अडतो आणि इन्सर्ट गुपचूप वाया जातं, तेव्हा आधी नॉर्मल करा, लिहा, परत डिसेबल्ड करा.

आणि मराठी मजकूर असेल तर कॉलम मोजताना सांभाळा. 'क्षितिज' आपल्याला तीन अक्षरं वाटतात, पण टीके प्रत्येक युनिकोड चिन्ह वेगळं मोजतं, हलन्त आणि वेलांट्या धरून ७. हे दोन्ही विजेट्सना लागू आहे.