नाव पुसले तरी माणूस उरतोच

‘माझी छायाचित्रे वापरण्याची परवानगी मी फेसबुकला देत नाही’ असे बजावणारा मजकूर अधूनमधून फिरू लागतो आणि शिकलेली माणसेही तो श्रद्धेने पुढे पाठवतात. खाते उघडताना मान्य केलेल्या अटी त्याने बदलत नाहीत. त्याचे सामर्थ्य दारावरच्या लिंबू-मिरचीइतकेच. याहून प्रतिष्ठित गैरसमज असा, की नाव आणि फोन क्रमांक काढून टाकले म्हणजे माहिती निनावी होते.

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात सरकारी कर्मचाऱ्यांच्या आरोग्य-नोंदी नावे वगळून संशोधकांना दिल्या जात. १९९०च्या दशकात लटान्या स्वीनी या विद्यार्थिनीने त्या केंब्रिज शहराच्या मतदारयादीशी ताडून पाहिल्या आणि जन्मतारीख, लिंग व टपाल-क्रमांक एवढ्यावरून गव्हर्नर विल्यम वेल्ड यांची नोंद शोधून काढली.

यामागचे गणित शाळेतलेच आहे. ३६५ दिवस, ८० वर्षे आणि दोन लिंगे यांच्या गुणाकाराने ५८,४०० कप्पे होतात. भारताचे सुमारे १४० कोटी लोक सुमारे १९,००० पिनकोडांत वाटले, तर प्रत्येकात सरासरी ७४ हजार जण येतात, म्हणजे कप्प्यामागे जेमतेम सव्वा माणूस. तरुण वयाचे कप्पे अर्थातच भरलेले आणि ऐंशीच्या आसपासचे बरेचसे रिकामे असतील. पण व्यवसाय ही आणखी एक बाब जोडली, की भरलेले कप्पेही झपाट्याने विरळ होतात.

हालचालींच्या नोंदी तर याहून बोलक्या असतात. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १५ लाख लोकांच्या १५ महिन्यांच्या मोबाइल-नोंदी तपासल्या गेल्या. स्थळ टॉवरपुरते आणि वेळ तासापुरती ठाऊक असतानाही, अशा चार नोंदींवरून ९५ टक्के माणसे इतरांपासून वेगळी ओळखता येत होती. मग नोंदी मुद्दाम ढोबळ केल्या तर? इथला निष्कर्ष मला सर्वांत विलक्षण वाटतो: वेगळेपण सूक्ष्मतेच्या केवळ एक-दशांश घाताने घटते. दोनाचा दहावा घात १,०२४ असल्यामुळे, वेगळेपण निम्म्यावर आणायचे तर नोंदी साधारण हजारपट ढोबळ कराव्या लागतील, आणि इतक्या ढोबळ नोंदी संशोधनालाही फारशा उपयोगी उरत नाहीत.

अशा चार नोंदी आपणच पुरवाव्यात असेही नाही. लग्नाच्या समूहचित्रात आपले नाव जोडणारा आतेभाऊ स्थळ आणि वेळ दोन्ही जाहीर करतो, आणि त्यासाठी आपले स्वतःचे खाते असण्याची गरज नसते.