थंडी वाजते, पण कुठली?

'थंडी वाजतेय' म्हटलं की आपल्याकडे आधी गोधडी येते, मग सुंठीचा काढा. चिनी वैद्य तिथेच अडून बसतो आणि विचारतो, गोधडी घेतल्यावर थांबते का?

गोधडीवर गोधडी घातली तरी हुडहुडी जात नाही, ती 'वू-हान'. (वूहान शहराशी संबंध नाही, चिनी अक्षरं वेगळी, सूरही वेगळे.) शाल गुंडाळली, शेकायला बसलं की बरं वाटतं, ती 'वेइ-हान'. 'हान' म्हणजे थंडी. 'वू'मध्ये तिचा तिटकारा आहे, 'वेइ'मध्ये धास्ती.

वू-हान एकाएकी येते, बहुधा तापासोबत. बाहेरचा वारा-गारठा त्वचेपाशी अडकला आणि अंगाची राखण करणारी 'ची', म्हणजे प्राणशक्ती, आतच कोंडली, अशी त्यामागची कल्पना. ऊबच वर पोचत नाही, मग गोधडी काय करणार? ताप चढताना गोधडीतही दात वाजतात, हे आपणही अनुभवलेलं असतं. नाडी वरवर, हलक्या बोटालाही लागते.

वेइ-हानवाला महिनोन्‌महिने हातपाय गार घेऊन फिरतो. त्याचा 'यांग', म्हणजे आतला विस्तवच मंद. म्हणून बाहेरची ऊब कामी येते. नाडी खोल, अशक्त. त्याला सुंठ किंवा बचनागाच्या जातकुळीतलं, विष उतरवलेलं मूळ देतात. गल्लत करून घाम काढणारं औषध दिलं, तर उरलासुरला विस्तवही घामावाटे जातो, असं हे शास्त्र मानतं. माझं मत विचाराल तर अशा माणसाने थायरॉइड आणि हिमोग्लोबिन आधी तपासून घ्यावं.

मिंग काळातले वैद्य जांग जिंग्युए (१५६३–१६४०) यांनी रोग्याला विचारायचे दहा प्रश्न पद्यात बांधले. त्यात पहिला थंडी-तापाचा, दुसरा घामाचा. हा क्रम उगीच नाही. वू-हान ठरली की लगेच घामाचंच विचारावं लागतं. घाम अजिबात नसेल, तर माहुआंग (एफेड्रा) या घाम काढणाऱ्या वनस्पतीचा जोरकस काढा. घाम येत असेल, तर दालचिनीच्या कोवळ्या फांद्यांचा सौम्य काढा, त्यावर गरम पातळ पेज आणि अंगावर पांघरूण. घाम नुसता दमट सुटला पाहिजे. पाण्यासारखा वाहिला की औषध जास्त झालं.